डावखुरी भिंत

थोरलीचं मनगट चार महिन्यांपासून दुखत होतं आणि तिने ते कुणाच्या कानावर जाऊ दिलं नव्हतं. भिंती खरवडणाऱ्या बाईचं मनगट गेलं की उरलं काय? नाव होतं ते वरून रंग लावणाऱ्यांचं. त्याआधी जुन्या रंगाचे पापुद्रे सोलून भिंत उघडी करणाऱ्या बायकांना कोण विचारतंय! थोरली आणि तिची धाकटी जाऊ अकरा वर्षं हेच करत होत्या, एकाच मिस्त्रीच्या हाताखाली, एकाच खोलीच्या समोरासमोरच्या भिंतींवर.

स्क्रेपर निवडावा तर थोरलीनेच. दुकानदाराने पुढ्यात दहा टाकले, की ती एकेकाचं पातं अंगठ्याने वाकवून बघायची. चुन्यावरच्या रंगाला लवचीक पातं, ऑइलपेंटला ताठ. मिस्त्रीचा जीव नेहमी रुंद पात्यावर, कारण रुंद पातं म्हणजे काम लवकर, अशी त्याची समजूत. "मिस्त्री, पळीने जेवलं म्हणून पोट लवकर भरतं का?" असं विचारून ती सरळ तीन बोटं रुंदीचं उचलायची. आणि नव्या पात्याचे टोकदार कोपरे फरशीवर घासून बोथट केल्याशिवाय धाकटीच्या हातात द्यायची नाही. कोपरा भिंतीत रुतला की गिलावा निघतो, आणि गिलावा निघाला की मिस्त्रीच्या तोंडाचा पट्टा सुरू होतो.

डोक्यातलं हे सगळं शाबूत होतं. हात तेवढा ऐकत नव्हता.

आजची खोली म्हणजे डोक्याला ताप होती. ऑइलपेंटचे तीन थर, एकावर एक, आणि कुठल्याच थराची सुटायची तयारी नाही. भिंत ओली करायची, पातं आडवं धरून थराखाली सरकवायचं, रेटायचं. दुपारपर्यंत धाकटीची भिंत होत आली होती. थोरलीची दाराएवढीसुद्धा झाली नव्हती. आणि मिस्त्रीने सकाळीच सांगून ठेवलं होतं, "पुढच्या आठवड्यापासून शाळेचं काम. वीस खोल्या आहेत, वर्षभराची सोय. पण मागे रेंगाळणारं माणूस मी तिथे नेणार नाही. चार वाजता येतो भिंती बघायला."

हे कुणाला उद्देशून होतं, ते न कळायला थोरली काही दुधखुळी नव्हती. डबा खाऊन झाल्यावर तिने मनगट पोटाशी धरलं आणि पाच मिनिटं म्हणून कोपऱ्यात आडवी झाली. थकलेल्या माणसाची पाच मिनिटं! डोळे उघडले तेव्हा तिची भिंत छताजवळच्या पट्ट्यापर्यंत साफ होती आणि धाकटी, पापण्यांपर्यंत पांढरी झालेली, आपल्या भिंतीपाशी परत उभी होती.

"हे काय केलंस?"

"काही नाही, ताई. तुमचं थोडंसंच राहिलं होतं."

"थोडंसं! मला आंधळी समजतेस?"

"ओरडू नका हो. ते येतील, बघतील, जातील. झालं."

थोरलीला संताप आला आणि त्याच दमात हायसंही वाटलं. हायसं वाटल्याची तिला जास्त लाज वाटली.

चारला मिस्त्री आला. खिडकीतून तिरपं ऊन भिंतींवर पडलं होतं, त्यात स्क्रेपरचा एकूण एक ओरखडा दिसत होता. धाकटीची भिंत त्याने बघितली. थोरलीची बघितली. मग मान वाकडी करून पुन्हा पहिली बघितली.

"ही कुणी केली?" थोरलीच्या भिंतीवर हात ठेवून त्याने विचारलं.

"ताईंनी," धाकटी म्हणाली.

"असं? मग ताई डावखुऱ्या कधी झाल्या?"

धाकटी जन्माची डावखुरी. तिचे ओरखडे डावीकडे कलत चढायचे, थोरलीचे उजवीकडे. अकरा वर्षं त्या दोघींच्या खोलीत समोरासमोरच्या भिंती अशा एकमेकींना उत्तर दिल्यासारख्या असायच्या. आज घाईत, मायेपोटी, बिचारीच्या हे लक्षातच आलं नाही.

"उजवा दुखतो ना, म्हणून डाव्याने करतात हल्ली," धाकटी एका दमात बोलून गेली. म्हणजे हिला ठाऊक होतं तर, थोरलीच्या मनात आलं.

मिस्त्रीने वरच्या राहिलेल्या पट्ट्याकडे बोट केलं आणि स्क्रेपर थोरलीपुढे धरला. "दाखवा बघू. चार हात मारा, पुरे."

तोही दमलेला होता. त्याचेही गुडघे गेलेले. चार हात कसेबसे मारले असते तर त्याने मान डोलावली असती, हे थोरलीला कळत होतं. पळवाटच होती ती. तिने स्क्रेपर डाव्या हातात घेतला. मग तिची नजर धाकटीवर गेली. पोरगी डावा खांदा दाबत उभी होती. एका दिवसात दोन भिंती. शाळेच्या वीस खोल्या, आणि तिथे ही रोज गुपचूप दोन भिंती करणार, जेवण सोडून करणार, आणि वर्षाअखेरीस घरात दोन निकामी हात.

थोरलीने स्क्रेपर खाली ठेवला.

"भिंत हिची आहे, मिस्त्री. माझा हात गेला."

मिस्त्री म्हणाला, "म्हणजे शाळेला हिला एकटीलाच धरू?"

"धरा. आणि तिला दिवसाला एकच भिंत द्या."

"ताई, तुम्ही नाही तर मीही नाही!"

"गप बस. घरात एकीचं तरी मनगट धड पाहिजे."

मिस्त्री जिना उतरला. दोघी खाली नळापाशी आल्या. धाकटीने धुळीसाठी डोक्याला बांधलेल्या रुमालाची मागची गाठ सोडून तो झटकला. थोरलीचा तसाच होता. चार महिने ती तो तसाच घरी नेत होती, वारा लागतो म्हणून सांगत होती, आणि दार लावून डाव्या हाताच्या नखांनी कसाबसा ओढून काढत होती.

ती धाकटीकडे पाठ करून उभी राहिली.

"गाठ सोड गं माझी," ती म्हणाली. "मला सुटत नाही."