घंटी कोणी दिली?

शहरातली ट्राम बंद होऊन इतकी वर्षं झाली होती की रुळांवर डांबर चढलं, डांबरावर बसगाड्या आल्या आणि आता बसगाड्यांच्या डोक्यावरून मेट्रो जात होती. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की जुनी ट्राम दुरुस्त करून चौकापासून नदीपर्यंत हौशी लोकांसाठी चालवावी. नवे रूळ पडले, ट्राम रंगवून झाली आणि तेव्हा कुठे लक्षात आलं, की ती चालवता येणारा एकच माणूस शहरात शिल्लक आहे. त्याला ट्राम चालवणाऱ्या ह्याच खात्याने हाकलून दिलं होतं.

खात्याची तरुण इंजिनियर बाई दारात आली तेव्हा म्हाताऱ्याने तिला आधी पाणीसुद्धा विचारलं नाही. "पहिल्या फेरीला घंटी द्यायला मोठे साहेब येणार आहेत," ती सहज बोलून गेली, "रिटायर झालेले. पूर्वी ह्याच ट्रामवर कंडक्टर होते म्हणे." म्हातारा उठला आणि त्याने चहा टाकला. "येतो," म्हणाला.

ते साहेब म्हणजे त्याचाच कंडक्टर. दोघे एका डब्यात जेवायचे आणि तो डबा वहिनी, म्हणजे कंडक्टरची बायको, दोघांना पुरेल असा भरून द्यायच्या. ट्रामचा नियम साधा. ड्रायव्हरने मागे बघायचं नाही. मागची पायरी कंडक्टरने बघायची, ती मोकळी झाली की दोरी ओढून दोन घंट्या द्यायच्या आणि मग ड्रायव्हरने गाडी काढायची. त्या दिवशी दोन घंट्या झाल्या, ह्याने गाडी काढली आणि उतरत असलेली एक शिवणकाम करणारी बाई चाकाखाली आली. तिचा पाय गेला.

चौकशीत कंडक्टरने कानांवर हात ठेवले. मी घंटी दिलीच नव्हती, ह्याने आपणहून गाडी काढली, म्हणाला. गर्दीत घंट्या कोण लक्षात ठेवतं? ह्याची नोकरी गेली. तो नामानिराळा राहिला, इन्स्पेक्टर झाला, पुढे खात्याचा साहेब झाला. गल्लीतली पोरं ह्याला पायकाप्या म्हणू लागली, मग थोरामोठ्यांनाही ते तोंडवळणी पडलं. ह्याची बायको ते ऐकत ऐकतच वारली.

तेव्हा म्हाताऱ्याने होकार दिला तो काही ट्रामच्या प्रेमापोटी नव्हे. त्याला उट्टं काढायचं होतं. ट्रामचं हँडल एकेक खाच करत फिरवायचं असतं. एकदम तीन खाचा फिरवल्या तर गाडी असा हिसका देते की मागे उभा असलेला माणूस आडवाच व्हावा. टीव्हीवाल्यांच्या समोर, हातातल्या गुच्छासकट. हाडं मोडली तर मोडली. बेत पक्का झाला त्या दिवशी म्हाताऱ्याला सपाटून भूक लागली.

पहिल्या फेरीला चौकात ही गर्दी. साहेब सगळ्यात आधी चढले आणि मागच्या दारात दोरीला हात लावून उभे राहिले. पुढे ड्रायव्हरच्या जागी एक नवीन चीज बसवली होती. छोटासा स्क्रीन, त्यात मागची पायरी दिसायची. "आता कायद्याने लागतोच," इंजिनियर बाई म्हणाली होती. तेव्हा हा असता तर, एवढंच म्हाताऱ्याच्या मनात आलं आणि त्याचा राग आणखी चढला.

साहेबांनी दोरी ओढली. टिंग टिंग. म्हाताऱ्याची मूठ हँडलवर आवळली आणि नजर सहज स्क्रीनवर गेली. पायरीवर वहिनी होत्या. एक पाय वर, एक रस्त्यावर, काठी मधेच अडकलेली. आणि साहेब कॅमेऱ्याकडे बघून हसत होते.

घंटी झाली होती. सगळ्यांनी ऐकली होती. आज नियम त्याच्या बाजूने होता आणि काढ गाडी, काढ गाडी म्हणून जीव आतून ओरडत होता. खोटं कशाला सांगायचं, हँडल केसभर हललंसुद्धा. मग त्याने ते शून्यावर आणलं, उपसून हातात घेतलं आणि तो उठला. हँडल काढलं की ट्राम जागची हलत नाही.

"घंटी कोणी दिली?" मागे येऊन त्याने बसलेल्या माणसांना विचारलं.

"साहेबांनी," दोघेतिघे म्हणाले.

"आणि पायरीवर कोण आहे?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. साहेबांनीही, तेव्हा कुठे. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"अरे, लक्ष नव्हतं माझं. जा, बस जागेवर," ते खालच्या आवाजात म्हणाले.

"त्या दिवशी कोणी दिली होती?"

"लोक बघतायत रे."

"बघू देत. हँडल माझ्याकडे आहे."

मागे बसगाड्या खोळंबल्या, हॉर्न सुरू झाले. वहिनींनी वरचा पाय हळूच खाली घेतला. "अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही तर सांगितलं होतं, घंटी दिलीच नव्हती म्हणून."

साहेबांनी हातातला गुच्छ ह्या हातातून त्या हातात घेतला.

"मी विचारतेय."

"इतकी वर्षं झाली आता त्याला."

वहिनींना तेवढं पुरलं. त्या म्हाताऱ्याकडे वळल्या. "भावोजी, तेव्हा तुमची बायको आली होती माझ्याकडे. तुमच्या ह्यांना खरं बोलायला सांगा म्हणाली. मी तिच्या तोंडावर दार लावलं."

हे त्याला ठाऊक नव्हतं. बायकोने कधी अवाक्षर काढलं नव्हतं. समोर काठीला टेकून उभ्या असलेल्या बाईला धीराचा शब्द द्यावा, असं त्याला मुळीच वाटलं नाही. तो साहेबांकडे वळला. "बोल."

"घंटी मी दिली होती," साहेब पुटपुटले.

"मोठ्याने."

"घंटी मी दिली होती. पायरीकडे न बघता."

टीव्हीवाले पुढे सरकले. वहिनी बसथांब्याकडे चालू लागल्या होत्या, त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "काका, आता निघू या का?" इंजिनियर बाईने हळूच विचारलं.

म्हाताऱ्याने नकारार्थी मान हलवली. "हे माझ्यासाठी झालं," तो साहेबांना म्हणाला. "आता माझ्या बायकोसाठी म्हण."

साहेबांनी हॉर्न थांबायची वाट पाहिली आणि पुन्हा तोंड उघडलं.