पोळ्यानंतरची तिसरी रात्र

सायखेड्याच्या शिवारात पकडलेली बिबट्याची मादी नाशिकला पिंजऱ्यात गुरगुरत होती आणि तिची दोन पिल्लं मागे उसातच राहिली होती. पोळ्यानंतर तिसऱ्या रात्री तीस किलोमीटरवरच्या एका वस्तीत बिबट्याने एका बाईला जखमी केलं होतं. तो हल्ला हिचाच ठरला तर ही जन्मभर गजाआड, नाही ठरला तर आज संध्याकाळी मोकळी. लोकांनी निकाल केव्हाच लावला होता. लोकांना काय, सापडला तो चोर.

स्वानंदी बँकेत नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी वनखात्यासाठी बांधावर आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावायची. सायखेड्याच्या कॅमेऱ्यात बाराशे फोटो निघाले. त्यांत हीच मादी होती, अंगावरचे ठिपके अगदी तेच. प्रत्येक फोटोसोबत तारीख-वेळ नोंदलेली असते, तेव्हा हल्ल्याच्या रात्री ही इथेच होती एवढं दाखवलं की काम फत्ते. पण तारखा उघडल्या आणि तिने कपाळाला हात लावला. सगळीकडे जानेवारी! पावसाचं पाणी शिरून कॅमेरा बंद पडला होता आणि पुन्हा सुरू झाला तो एक जानेवारीपासून. मध्ये किती दिवस गेले कुणास ठाऊक. शेवटी बॅटरीही संपलेली, म्हणजे मागून मोजायचीही सोय नाही.

"मॅडम, जानेवारीच्या फोटोवर मी भाद्रपदात सही कशी करू?" अधिकारी शामसुंदर साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण पुराव्याशिवाय जागचा हलायचा नाही.

स्वानंदीला रडू यायचं तेवढं राहिलं होतं. तरी ती पुन्हा पहिल्या फोटोपासून बसली. मुंगसं, मोटारसायकली, वाऱ्याने हललेला ऊस. चार जानेवारीशी येऊन तिचा हात थांबला. बांधावर बैलजोडी होती. शिंगं रंगवलेली, पाठीवर झूल, कपाळाला बाशिंग, आणि पुढे नव्या फेट्यात शेताचे मालक चिमाजीबाबा.

"साहेब, हा पोळा."

"बैल काय, लग्नातही सजवतात."

"चातुर्मासात कोणाचं लग्न, साहेब?"

साहेब फोटोवर वाकले. तिने लगेच चिमाजीबाबांना फोन लावला. "वर्षातून एकदाच झूल चढती, ताई," ते म्हणाले. "पोळ्याच्या सांजेला त्याच वाटनं मारुतीला नेली जोडी. लय मिरवली."

मग काय अडणार होतं? चार जानेवारी म्हणजे पोळा धरून बाराशेच्या बाराशे फोटोंच्या तारखा तिने तेवढ्याच फरकाने सरकवल्या आणि पोळ्यापासून रात्री मोजल्या. तिसऱ्या रात्री मादी दिवेलागणीला बांध ओलांडत होती, मध्यरात्री पिल्लांना पाजत होती, फटफटलं तेव्हा तिथेच अंग चाटत बसली होती. साहेबांनी चष्मा पुसून ठिपके स्वतः ताडून पाहिले, पोळ्यापासूनच्या रात्री दोनदा मोजल्या आणि सही केली.

"गाडी काढा," ते म्हणाले.

दिवस मावळताना उसाच्या कडेला पिंजऱ्याचं दार वर गेलं. मादी क्षणभर तशीच बसून राहिली, मग एका उडीत उसात शिरली. चिमाजीबाबांसह सगळे काचा लावून गाडीत बसले होते. बराच वेळ काहीच झालं नाही. मग आतून तिचा खालच्या पट्टीतला आवाज आला, आणि त्याला उत्तर देणारे दोन बारीक आवाज.

"भेटली लेकरं मायला," चिमाजीबाबा पुटपुटले.

स्वानंदीला इतका आनंद झाला की तिने साहेबांचा हात धरून गदागदा हलवला. साहेबांनी तो सोडवून घेतला नाही. ते चष्मा काढून दुसऱ्या हाताने डोळे पुसत होते.