वाईनला मानवणारी खोली

माझा धाकटा भाऊ जिना उतरून आला तो हातात गळकी बाटली घेऊनच. वरच्या खोलीतल्या उकाड्याने बूच बाहेर ढकललं होतं आणि लाल ओघळ त्याच्या कोपरापर्यंत आले होते. माझ्या मशीनवर गिऱ्हाइकाचा पांढरा पडदा होता. मी आधी पडदा ओढून घेतला, मग भावाकडे पाहिलं.

"ताई, आणखी एक गेली," तो म्हणाला. चेहरा असा, की कुणाला वाटावं शेजारचंच माणूस गेलं.

धाकटा एका मोठ्या हॉटेलात वेटर आहे. सुट्टीच्या दिवशी जाऊन त्याने वाईनचं शिक्षण घेतलं आणि तेव्हापासून एकेक बाटली आणून साठवतोय. पुढेमागे स्वतःचं छोटंसं दुकान काढायचं म्हणतो. मी त्याला येताजाता हसते, पण मनातून बरंही वाटतं. आमच्या घरात पुढेमागेबद्दल बोलणारा तो एकटाच उरला होता.

"वरची खोली म्हणजे भट्टी आहे," तो म्हणाला. "मागची खोली बघ, भर उन्हाळ्यात गार."

"मागच्या खोलीत आई आहे," मी म्हटलं.

"ते मला ठाऊक नाही का? मी फक्त एका भिंतीबद्दल बोलतोय."

आई स्टुलावरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं, तोवर पुढची खोली तिची होती. मशीनही तिचंच. मी शिवण शिकले ती तिच्या हाताखाली, आणि तिच्या चापट्या खाऊन. डॉक्टर म्हणाले, पूर्ण आराम हवा. आता पुढच्या खोलीत मशीनची खडखड, गिऱ्हाइकांची ये-जा, रस्त्याची धूळ, शेजारीच स्वयंपाकघर. तिथे कसला आराम! म्हणून आम्ही भावंडांनी तिचा पलंग मागे हलवला. खिडकी एकच, तीही शेजारच्या भिंतीकडे तोंड करून. तिच्यावर मी जाड पडदा शिवून लावला. आईला त्रास नको, हे आमचं पालुपद झालं होतं.

हाड जुळलं. आई मात्र उठेना. दोन घास खाऊन तोंड फिरवायची, विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायची आणि दिवसेंदिवस चादरीखाली लहान होत चालली होती. गेल्या खेपेला हात धुता धुता डॉक्टर म्हणाले, "आता माझ्याकडे द्यायला औषध नाही. त्यांनीच मनावर घ्यायला हवं. असंच चाललं तर त्या फार दिवस काढतील असं वाटत नाही." आई जाणार, मी एवढं राबूनही ती जाणार.

राबून राबून माझ्या नाकी नऊ आले होते. तिला पुसायचं, भरवायचं, कुशीवर वळवायचं, चादरी बदलायच्या आणि मग मशीनवर बसायचं. पाय आपोआप चालायचे आणि डोळे मिटायचे. एकदा मी एका शर्टाची बाही मनगटाशी बंदच शिवून टाकली. गिऱ्हाईक बिचारं हात घालून वाट शोधत राहिलं. वर दोरा सारखा तुटायचा. मी म्हणायचे, डोळे गेले आता.

अशा वेळी हा बाटल्या घेऊन उभा. दुष्काळात तेरावा महिना.

"आईच्या उशाशी दारूचं गोदाम करायचंय तुला?"

"दारू नव्हे गं, वाईन."

"मोठा आलाय शहाणा. तिला तिथे शांत पडू दे."

"बाटल्या काय बोलणार आहेत का तिच्याशी?"

"बरं, सांग तरी," मी चिडून म्हटलं, "तुझ्या या महाराण्यांना लागतं तरी काय काय?"

हे विचारायला नको होतं. त्याने माझी एक चिंधी उचलली, कोपर पुसलं आणि खुर्ची ओढून मास्तरासारखा बसला.

"पहिलं म्हणजे अंधार. उजेडाने चव मरते. मग गारवा, तोही सारखा, आज गार उद्या गरम असं नाही. बाटली आडवी ठेवायची, म्हणजे बूच ओलं राहतं. उभी ठेवली की बूच सुकतं, आक्रसतं, हवा आत जाते, खेळ खलास. स्वयंपाकघराचे वास नकोत. हादरे नकोत, तुझं मशीन तर मुळीच नको. आणि सारखं हलवायचं नाही. पडू द्यायचं निवांत."

मागच्या खोलीचं दार नेहमी किलकिलं असतं. तिथून आवाज आला, "एक राहिलं."

आम्ही दोघंही दचकलो. आई आपणहून शेवटचं कधी बोलली होती, आठवत नव्हतं.

"काय गं राहिलं?" धाकट्याने विचारलं.

"कामाशिवाय कुणी आत जायचं नाही." ती जरा थांबली, दम लागला असावा. "ठेव रे तुझ्या बाटल्या. अंधार आहे, गार आहे, आडवं पडायचं आहे. मानवेल त्यांना. मला नाही मानवलं."

टोमणा असता तर मी उलट बोलले असते. आमच्या घरात टोमण्याला टोमणा तयार असतो. पण आवाजात टोमणा नव्हता, नुसता थकवा होता. माझ्यापेक्षा जास्त थकवा.

आम्ही आत गेलो. धाकट्याने पडदा सरकवला तर बाहेर भिंत.

"आणि मशीनचा पट्टा सैल झालाय," आई माझ्याकडे बघत म्हणाली. "दोरा तुटतो ना? मला इथवर ऐकू येतं. कधी आवळतेस याची वाट बघत पडलेय."

मला रडू आलं आणि रागही आला, एकदमच. "अगं, मग बोलायचं नाही का? तोंड शिवलं होतं का तुझं?"

"काय बोलू? तुम्ही दोघं दमून जाता. आणि करताय ते माझ्या भल्यासाठीच. भल्यासाठी करणाऱ्याला नको कसं म्हणायचं?"

मी गळ्यातली टेप काढली आणि पलंग मोजायला घेतला.

कापड बेतायचं टेबल आम्ही वर नेलं आणि आईचा पलंग पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीशी लावला. मशीनला खेटून. आता गिऱ्हाईक दारातच उभं राहतं आणि मला बेतायला जिना चढावा लागतो. मी कुरकुरते, कुरकुरायचा मला हक्क आहे. चमत्कार वगैरे काही झाला नाही. पहिले काही दिवस आई उन्हात नुसती झोपली. धुळीने खोकली, कांदा करपला म्हणून ओरडली. मग एका सकाळी म्हणाली, "मला जरा उशा लावून उभी करा रे. बूच सुकलं तर सुकू दे." धाकटा हसता हसता पलंगावरच बसला. त्याच दिवशी तिने बटणांचा डबा मागितला.

पट्टा मी आवळला. दोरा तुटायचा थांबला. माझे डोळे चांगले होते.

मागच्या खोलीत फळ्या लागल्या. बाटल्या आडव्या निजल्या, माझा जाड पडदा त्यांच्या कामी आला. दिवस गेले, आणि एका दुपारी आई भिंतीला धरून स्वयंपाकघरापर्यंत गेली आणि स्वतःच्या हाताने पाणी घेऊन आली. धाकट्याने लगेच एक बाटली काढली. बूच अख्खं, ओलसर निघालं. त्याने तिला घोटभर ओतून दिली.

"बघ आई. एवढे दिवस त्या खोलीत होती, जराही बिघडली नाही."

आईने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "आंबट आहे."

"तशीच असते गं ती."

"असेल बाबा." तिने पेला खाली ठेवला. "पण तिथे इतके दिवस पडल्यावर कोण गोड राहील?"

धाकटा हसला. मला हसू आलं नाही. मी मान खाली घालून मशीन चालवत राहिले, समोरचं कापड नीट दिसत नव्हतं.

"शिवण वाकडी चाललीय," आई शेजारून म्हणाली. "उसव आणि पुन्हा घाल."

मी उसवायला घेतलं.