बारा इंचांत एक फेरा

“घट्ट गुंडाळ रे, शशी. सैल दोरीचा भोवरा आधी डुलतो, मग आडवा होतो.”

पन्नास वर्षांपूर्वी कराडच्या अंगणात विरून गेलेला नंदाआत्याचा आवाज. तो इंग्लंडात, कॉव्हेंट्रीतल्या मित्राच्या, उदयच्या गॅरेजमध्ये अवचित कानाशी आला, तेव्हा शशी रायफलच्या नळीत साफसफाईची लांब सळई ढकलत होता. सळईच्या टोकाला कापडाची घट्ट चिंधी होती. नळीच्या आतल्या आट्यांचा पीळ धरून सळई सावकाश फिरत होती, आणि मुठीजवळ शशीनं चिकटवलेला सर्जिकल टेपचा इवलासा झेंडा तिच्याबरोबर फिरत होता. वर, उजवीकडे, खाली, डावीकडे. पुन्हा वर.

शशीनं पट्टी लावली. एका फेऱ्याला बारा इंच.

चिंधी सैल असेल म्हणून त्यानं ती बदलली, सळई पुन्हा घातली. बाराच.

त्यानं आपली रायफल विकायला काढली होती. नळीचा पीळ किती ते सांगा, असं दुकानदार सकाळी फोनवर म्हणाला होता. शशी ‘आठ’ म्हणणार होता, पण नुसत्या ऐकीव गोष्टीवर सांगायची त्याला सवय नव्हती. सर्जन म्हणून सारा जन्म मोजूनमापूनच कापण्यात गेला होता.

मग त्यानं शेजारची उदयची रायफल उचलली. तीच कंपनी, तेच स्वस्तातलं लाकूड, नळीचं भोक तेवढंच बारीक. झेंड्यानं आठ इंचांतच फेरा पुरा केला.

सळई हातात तशीच राहिली.

मार्चमध्ये दुकानात अशाच दोन पिळांच्या, बाराच्या आणि आठच्या, नळ्या समोर होत्या. पीळ म्हणजे काय, हे त्यानं उदयला विचारलं होतं. “आखूड, हलकी गोळी असेल तर बारा इंचांत एक फेरा, एवढा थोडा पीळही पुरतो,” उदय म्हणाला होता. “लांब, जड गोळीला चांगलं गरगरवावं लागतं. नाहीतर हवेतच डुलते आणि नेमाच्या कागदात आडवी शिरते. महागाची बंदूक असती तर पुढे नळी बदलता आली असती. ही स्वस्तातली, एकदाच काय ते ठरव.” शशीला तेव्हा आत्याचा भोवरा आठवला होता आणि सगळं कळलं होतं. “तुला आठच घेऊ, माझ्यासारखी,” उदय म्हणाला. “शेतावरच्या हरणांना जड गोळीच लागते.” पुढे रायफल आणायला तो एकटाच गेला, आणि जड गोळ्याही त्यानंच आणल्या.

शशीला हरणांशी काही घेणंदेणं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या ऑपरेशन टेबलावर एक बाई गेली. चौकशीत त्याचा काही दोष निघाला नाही, तरी त्यानं हॉस्पिटल सोडलं. हात अजून खरे आहेत की नाहीत, एवढंच त्याला कुणाला तरी विचारायचं होतं. कागदावरचा काळा ठिपका खोटं बोलणार नाही, असं त्याला वाटलं होतं.

सारा उन्हाळा ते केनिलवर्थपलीकडच्या शेतात गेले. शशी गवतावर पालथा पडून, श्वास रोखून घोडा दाबायचा. दुर्बिणीतून बघून उदय सांगायचा, “उजवीकडे गेली.” “खाली.” “ही तर कागदावरच नाही रे.” कागद बदलायला मात्र नेहमी उदयच जायचा. “तू झोपून राहा. उठलास की बैठक मोडते.”

गेल्या रविवारी जेवताना शशीनं उजवा हात बायकोपुढे, प्रमोदिनीपुढे, टेबलावर ठेवला होता. “गेले माझे हात,” एवढंच तो म्हणाला. तिनं तो हात दोन्ही हातांत धरला. बराच वेळ धरून ठेवला, पण बोलली काहीच नाही.

“काय डॉक्टर, झालं ऑपरेशन?” उदय मसाल्याच्या चहाचा मग घेऊन आत आला. “पेशंट बरा आहे ना?”

“दोन पेशंट होते.”

उदयची नजर बाकावरच्या दोन रायफलींवर गेली, पट्टीवर गेली, टेपच्या झेंड्यावर थांबली. त्यानं चहा खाली ठेवला.

“दुकानदारानं चुकीची दिली असेल,” तो म्हणाला. “स्वस्तातला माल, कोण बघतंय?”

“तू बघतोस. तीस वर्षं कारखान्यात माल तपासायचंच काम केलंस.”

उदय पट्टी उचलून बाजूला ठेवू लागला.

“कागदावरची भोकं लांबट होती ना? आडव्या गोळीची?”

“शशी...”

“म्हणून मला उठू दिलं नाहीस. गवतात पडून मी माझ्या बोटांना शिव्या घालायचो, आणि तू दुर्बिणीतून बघत होतास.”

“भावजींना नका बोलू.”

प्रमोदिनी उदयच्या स्वयंपाकघरातून गॅरेजात उघडणाऱ्या दारात उभी होती. हातात चिवड्याची बशी. “मीच सांगितलं होतं त्यांना, तुमच्या हातात बंदूक रुळू देऊ नका म्हणून.”

शशीनं तिच्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या, दोन्ही रायफली असायच्या त्या लोखंडी कपाटाकडे. त्या कपाटाची किल्ली कायम उदयच्या खिशात असायची.

“आपल्या घराची भिंत पोकळ आहे, बंदुकीचं कपाट टिकणार नाही, म्हणालीस. तेसुद्धा खोटं?”

“भिंत चांगली आहे.”

“मग नाही म्हणायचंस ना, उदय. सरळ नाही.”

“तू कारण विचारलं असतंस.” उदयनं चष्मा काढून उगाचच पुसला. “वाटलं, नेम बसला नाही की कंटाळून सोडशील. वहिनींचा जीव भांड्यात पडेल. तू दोष हातांना देशील, हे नाही रे सुचलं. अरे, आपल्या दोघांत स्थिर हात तुझाच होता. मी बघत होतो ना.”

ते वाक्य ऐकायला शशी सारा उन्हाळा गवतात पडून राहिला होता. आता ते ऐकताना त्याला फक्त राग आला.

“तुला हात दाखवला होता मी,” तो प्रमोदिनीला म्हणाला. “धरून बसलीस. एक शब्द बोलली नाहीस. कारण तरी काय? काय बघितलंस तू माझ्यात?”

तिनं बशी बाकावर ठेवली. टेपचा झेंडा सळईवरून अलगद सोडवला आणि बोटाला गुंडाळत राहिली.

“गेल्या डिसेंबरात,” ती म्हणाली, “तुम्ही कॅनॉलच्या काठाला बूट काढून ठेवले होते. शेजारी शेजारी, नीट. घरी आल्यावर म्हणालात, डबक्यात पाय पडला, म्हणून मोजे ओले.”

शशीची मूठ सळईवरून सुटली.

“मी पुलावर होते.”

गॅरेजच्या पत्र्यावरून कबुतर उडाल्याचा आवाज आला.

“मग हाक का नाही मारलीस?”

“मारली असती, आणि तुम्ही वळला नसतात तर?”