न मोजलेल्या खिडक्या

मंदी आली की लोक आधी नवी घरं बांधायची थांबवतात, आणि घरं थांबली की घरांचे नकाशे काढणाऱ्यांच्या टेबलांवर धूळ बसते. आर्किटेक्टच्या ऑफिसात तेच झालं होतं. आठ जणांचे चार उरले, आणि त्या चौघांनाही आठवड्यातून तीनच दिवस बोलावणं असे. पगार अर्धा. मोठे साहेब म्हणाले, "दिवस पालटतील." सगळ्यांनी माना हलवल्या. दिवस पालटेपर्यंत घरी काय शिजवायचं, हे विचारण्याची कोणाची हिंमत झाली नाही.

अशाच एका रिकाम्या दिवशी त्या चौघांतला एक आर्किटेक्ट शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे ओळखीचं कोणी भेटण्याची भीती नव्हती अशा बाजारातून चालला होता. पडद्यांच्या एका दुकानाच्या काचेवर कागद चिकटवला होता : 'घरोघरी जाऊन मापं घेण्यासाठी माणूस पाहिजे.' तो कागद त्याने दोनदा वाचला, पुढच्या चौकापर्यंत गेला आणि परत आला.

"मापं घेता येतात?" मालकीणबाईंनी विचारलं.

"येतात."

"आजवर कशाची घेतलीत?"

एका इस्पितळाची आणि दोन शाळांची, असं अगदी ओठावर आलं होतं. तो म्हणाला, "इमारतींची."

मालकीणबाईंनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "मग जरा जपून. पडदा इमारतीपेक्षा अवघड. इमारत अर्धा इंच वर गेली तर कोणाला कळत नाही. पडदा अर्धा इंच वर गेला की शेजारीण येऊन सांगते."

आपण आर्किटेक्ट आहोत, हे त्याला शेवटी सांगावं लागलंच. मात्र गिऱ्हाइकांना कळू देऊ नका, एवढी विनंती त्याने केली. त्या दिवसापासून मालकीणबाई त्याला 'साहेब' म्हणू लागल्या, आणि त्यात थट्टा किती आणि मान किती, हे त्याला कधीच नीट कळलं नाही.

घरी त्याने सांगितलं, की सल्ल्याचं काम मिळालंय. बायकोला इतका आनंद झाला, की तिने लगेच आपल्या बहिणीला फोन लावला. "अगं ताई, आमच्या ह्यांना हल्ली बाहेरून सल्ल्याला बोलावतात," हे तो आतल्या खोलीत बसून ऐकत होता. एकदा खोटं बोललं की ते सांभाळावं लागतं, नुसतं बोलून भागत नाही. तो मोजायची टेप पिशवीत तळाशी ठेवायचा आणि वर दोन जाड पुस्तकं.

दुकानात मागच्या खोलीत टेलरमामा बसत. सत्तरीला आलेला, बारीक अंगाचा माणूस. मापाची चिठ्ठी हातात आली की ते ती कापडाला टाचणीने लावत, तिच्याप्रमाणे कापत, शिवत, आणि पडदा तयार झाला की चिठ्ठी फाडून टोपलीत टाकत. तीस वर्षांची पद्धत होती ही. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. "आता मुंगीचा पायसुद्धा दिसतो," असं ते सांगत, आणि 'साहेब' आला की स्वतःच्या थर्मासमधला अर्धा कप चहा त्याच्यासमोर ठेवत. "घ्या. तुम्ही शिकलेली माणसं, तुमचं अक्षर बघून कापायला हात आपोआप सरळ चालतो."

सगळं बरं चाललं होतं. मग डॉक्टरीणबाईंच्या घरचं काम आलं.

पत्ता वाचला तेव्हा त्याच्या लक्षात आलं नाही, कारण रस्त्याचं नाव मधल्या काळात बदललं होतं. फाटकाशी उभा राहिला तेव्हा मात्र घर ओळखीचं निघालं. बारा वर्षांपूर्वी ह्या घराचा नकाशा त्यानेच काढला होता. त्या वेळी तो नवा कोट घालून आला होता, आणि ह्याच बाईंच्या पुढ्यात कागद पसरून 'उजेड' ह्या विषयावर अर्धा तास बोलला होता. आता हातात कापडाच्या नमुन्यांचं जाडजूड पुस्तक आणि गळ्यात टेप.

डॉक्टरीणबाई लहान मुलांच्या डॉक्टर. माणसाकडे बघण्याची त्यांची सवयच तपासल्यासारखी. "तुम्हाला कुठेतरी पाहिलंय मी," त्या म्हणाल्या.

"दुकानात पाहिलं असेल."

"दुकानात मी कधी आलेच नाही. फोनवरून बोलावलं ना तुम्हाला."

चोराच्या मनात चांदणं. तो भराभर जिना चढून वर गेला. वरच्या खोलीतली पहिली खिडकी त्याने नीट मोजली, आणि आश्चर्य म्हणजे आकडा अगदी त्याच्या आठवणीतल्या नकाशाबरहुकूम निघाला. इंचाचाही फरक नाही. त्या क्षणी त्याला जो अभिमान वाटला, तोच पुढे त्याच्या मुळावर आला. आपल्याला हे घर पाठ आहे, मग मोजायचं कशाला? खाली दिवाणखान्यातल्या चार खिडक्यांना त्याने नुसती टेप लावल्यासारखी केली. डॉक्टरीणबाई दारात उभ्या राहून त्याच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, म्हणून त्याने खिडक्यांकडेही धड पाहिलं नाही. नकाशातली उंची आठवली, वरच्या दांडीसाठी चार इंच मिळवले आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं : दांडीपासून जमिनीपर्यंत अठ्ठ्याऐंशी इंच. पाच मिनिटांत तो फाटकाबाहेर होता.

दहा दिवसांनी रॉड बसवणारा माणूस पडदे लावून आला आणि त्याच्यामागोमाग डॉक्टरीणबाईंचा फोन. दिवाणखान्यातले चारही पडदे जमिनीपासून चांगले सहा इंच वर लटकत होते. "वाढत्या अंगाच्या पोराला जुनी विजार घातल्यासारखं दिसतंय," त्या म्हणाल्या. कापड खास मागवलेलं, पुन्हा मिळायलाही पंधरा दिवस.

मालकीणबाई तरातरा मागच्या खोलीत गेल्या. तो तिथेच उभा होता, हातात मामांचा चहा.

"मामा, चारही पडदे सहा इंच आखूड! चौऱ्याण्णव हवे होते."

मामांनी मशीन थांबवलं. "मी चिठ्ठीवर अठ्ठ्याऐंशी वाचलं होतं, बाई."

"तेच तर म्हणतेय मी. तुम्ही *वाचलं*. लिहिलेलं काय होतं?"

मामा टोपलीकडे वळले, पण टोपली रोज संध्याकाळी रिकामी होत असे.

मालकीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "साहेब, तुम्ही काय लिहिलं होतं?"

नंतर त्याने स्वतःला पुष्कळ समजावलं, की त्या क्षणी आपण खोटं बोललो नाही. ते खरंही होतं. तो एवढंच म्हणाला, "माझं अक्षर तसं स्पष्ट असतं."

"झालं तर मग!" मालकीणबाई म्हणाल्या. "हे आयुष्यभर इमारती मोजत आलेत, ह्यांची चूक व्हायची नाही. मामा, रागावू नका, पण डोळे पुन्हा दाखवून घ्या. आणि नसेल जमत तर तसं सांगा, मी दुसरा माणूस बघते. नुकसान सोसायचे दिवस आहेत का हे?"

मामांनी मशीनवरचं कापड बाजूला सारलं. त्यांनी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवून समोरच्या कॅलेंडराकडे पाहिलं, मग डाव्यावर ठेवून पाहिलं. आर्किटेक्टने चहा एका घोटात संपवला. चटका बसला तो बरा वाटला.

पुढचे दोन दिवस फार वाईट गेले. मामांनी दुसऱ्या एका घराची चिठ्ठी घेतली, हात लांब करून वाचली, जवळ आणून वाचली आणि शेवटी त्याच्यापुढे धरली. "साहेब, जरा वाचून दाखवता? माझा भरवसा नाही राहिला." त्याने वाचून दाखवली. मामांनी तोच आकडा स्वतःशी तीनदा पुटपुटला, तीनदा मोजलं, तरी कात्री टेकवताना त्यांचा हात थबकला. जो माणूस गप्पा मारत डोळे मिटून कापड कापायचा, तो आता प्रत्येक कापाआधी श्वास धरत होता. आता सांगू, चहानंतर सांगू, उद्या सांगू, असं करत आर्किटेक्टने दोन संध्याकाळी घालवल्या. मापं चुकवणारा माणूस मालकीणबाई ठेवणार नाहीत हे उघड होतं, आणि घरी मुलीची फी भरायची होती. कारण म्हटलं तर तेवढंच. पण तो स्वतःशी प्रामाणिक असता तर म्हणाला असता, की फीपेक्षा 'साहेब' हा शब्द जास्त जड झाला होता.

तिसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी दोघांनाही डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. "समोरासमोर माप घ्या. एकाने मोजा, एकाने लिहा."

आखूड पडदे अजून तसेच लटकत होते. त्यांच्याखालून ऊन सरळ फरशीवर आलं होतं. डॉक्टरीणबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "कुणाचा पराक्रम हा?"

आर्किटेक्टने तोंड उघडायच्या आधीच मामा पुढे झाले. "माझा, बाई. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, आकडा वाचताना चुकला. ह्या साहेबांचं माप बरोबर होतं."

त्यांनी हे इतक्या सरळपणे सांगितलं, की त्यात कुठे कुरकुर नव्हती, की उपकार नव्हता. त्यांना ते खरंच वाटत होतं. आर्किटेक्टच्या कानशिलांना आग लागली.

"नाही," तो म्हणाला. "मामांनी बरोबर वाचलं. मी अठ्ठ्याऐंशीच लिहिलं होतं. मी खालच्या खिडक्या मोजल्याच नव्हत्या."

"मोजल्या नव्हत्या म्हणजे? मी इथे उभी होते. टेप लावताना पाहिलं तुम्हाला."

"लावली. पाहिली नाही. आठवणीने आकडा लिहिला."

"कुणाच्या आठवणीने?"

"माझ्या. हे घर मी काढलंय."

डॉक्टरीणबाईंनी टाळी वाजवली. "उजेडवाले! तरीच म्हटलं! अहो, पण ह्या खिडक्या वर घ्यायला तुम्हीच सांगितलंत ना? बांधकाम चालू असताना मी फोन केला होता, खाली अंधार वाटतो म्हणून. तुम्ही म्हणालात, घ्या सहा इंच वर, मी येऊन बघतो. आलात मात्र कधी नाहीत."

त्याला आठवलं. फोन आठवला, आणि त्या वेळी समोर दुसऱ्या मोठ्या कामाचे कागद पसरले होते तेही आठवलं. नकाशा बदलायचा राहून गेला होता. बारा वर्षं तो घरापेक्षा कागदावर जास्त विश्वास ठेवून होता.

बाई हसत होत्या. मामा हसत नव्हते. त्यांनी टेपचं टोक दांडीशी धरलं, दुसरं टोक फरशीला टेकवलं आणि म्हणाले, "लिहा. चौऱ्याण्णव."

त्याने लिहिलं. चारही खिडक्यांचं लिहिलं.

परत येताना रस्ता संपता संपेना. शेवटी तोच म्हणाला, "मामा, मी आत्ता जाऊन मालकीणबाईंना सांगतो. कापडाचं नुकसान माझ्या कामातून वळतं करायला सांगतो."

"सांगा."

"आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायची आता गरज नाही."

"उद्याचा नंबर लावलाय," मामा म्हणाले. "जाऊन येतो. एकदा शंका आली ती आली. तुम्ही सांगितलं म्हणून ती कशी जाणार?"

"मी येऊ सोबत?"

"कशाला?" मामांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "मला वाट दिसते."

मालकीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. नुकसान मात्र त्यांनी सोडून दिलं नाही. "काढून टाकलं असतं," त्या म्हणाल्या, "पण आता तुमच्याइतकं जपून मोजणारा मला दुसरा मिळायचा नाही." त्यानंतर त्यांनी त्याला साहेब म्हटलं नाही. नुसतं 'अहो' म्हणाल्या.

संध्याकाळी त्याने घरी सल्ल्याच्या कामाचं खरं रूप सांगून टाकलं. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने ऐकलं, आणि हसत सुटली. "पडदे? अहो, मग लपवायचं काय त्यात? चोरी तर नाही ना केलीत! मी ताईला सांगते, आमच्या ह्यांच्या सल्ल्याने आता लोकांची अब्रू झाकली जाते." इतके महिने ज्याला तो घाबरत होता, ते एका घडीत आटोपलं.

मग त्याने मामांचं सांगितलं.

तिचं हसू हळूहळू ओसरलं. "किती दिवस गप्प राहिलात?"

"दोन."

"आणि ते तुमच्यासमोर चिठ्ठ्या वाचून घेत होते?"

"हो."

तिने चादरीची घडी पूर्ण केली, मोडली, पुन्हा घातली. "उद्या त्यांच्यासोबत जा."

"नको म्हणालेत."

"ते म्हणणारच. तुम्ही जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दवाखान्यात पोचला तेव्हा मामा आत गेले होते. बाहेरच्या खोलीत तीन बाकं, भिंतीवर डोळ्याचं मोठं चित्र. तो दाराजवळच्या बाकावर बसला. दार अर्धवट उघडं होतं आणि आतलं सगळं ऐकू येत होतं.

"डावा डोळा झाका. वरचं अक्षर?"

"ठ."

"त्याखालची ओळ?"

"ग, श, न."

"अजून खालची?"

मामा सावकाश, पाठ म्हणणाऱ्या शाळकरी पोरासारखे एकेक अक्षर उच्चारत होते. मध्येच थांबत, जणू आपलं चुकतंय की काय ते बघत, आणि मग पुढचं म्हणत. सगळी बरोबर येत होती. आर्किटेक्टने मान खाली घातली.

"उत्तम आहे हो. आता अगदी शेवटची ओळ. ही सहसा कोणाला येत नाही. नाही आली तरी चालेल."

आतली खुर्ची करकरली. मग मामांनी तीही वाचली.