एकटाकीची भिंत

हे कोणाला खरं वाटणार नाही. न वाटलं तरी बिघडत नाही. कपात चहा आहे तोवर ऐका, मग हवं तर उठून जा.

या चित्रदालनातल्या समोरच्या मोठ्या भिंतीवर वर्षानुवर्षं एकाच माणसाची चित्रं लागायची. त्याला सगळे एकटाकी म्हणत. माणूस समोर बसवला की कागदावरून पेन्सिल न उचलता, एका रेघेत त्याला उतरवून हा मोकळा. बसलेल्याला मध्येच शिंक आली तर रेघेत ती शिंकसुद्धा यायची.

मग त्याचा उजवा हात थरथरायला लागला. आधी बशीवर कप वाजला, मग कागदावर रेघ अडखळली. दालन चालवणाऱ्या बाई एक दिवस फार गोड आवाजात म्हणाल्या, "यंदा काही नवीन असेल तर भिंत तुमचीच, सर. नाहीतर तुमच्या शिष्येला देईन म्हणते. घरातल्या घरातच राहील ना."

एकटाकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या मुलीला पेन्सिल धरायला त्यानेच शिकवलं होतं. आता ती थेट त्याचीच रेघ काढायची, फक्त न थरथरता.

त्याची भाची कॉम्प्युटरवाली. ती म्हणाली, "मामा, हाताचं कामच नाही. आज्ञांच्या ओळी लिहायच्या, यंत्र चित्र काढतं."

"म्हणजे चित्र काढायला नोकर ठेवायचा?"

"तुमच्या हातापेक्षा तरी ऐकेल."

भाची तोंडाळ होती. मामावर गेली होती.

पहिल्याच दिवशी त्याने लाल आणि हिरवा भरपूर ओतून एकत्र केले. चांगला मातकट रंग यायला हवा, तर पडद्यावर पिवळाधमक उजाडला. "ही काय थट्टा आहे?" त्याने विचारलं. "मामा, हा रंग नाही, उजेड आहे. उजेड असाच मिसळतो," भाची म्हणाली. दुसऱ्या दिवशी खुर्ची काढली, तर ती पाय वर करून छताला लटकली. या यंत्राचं शून्य वरच्या कोपऱ्यात असतं आणि आकडे खाली उतरत जातात, हे त्याला कोण सांगणार? आयुष्यभर त्याची जमीन खालीच होती.

शेवटी त्याने विषय घेतला तो बायकोच्या पाठीचा. ती खिडकीशी पाठ फिरवून मटार सोलत बसायची. त्या पाठीवरचा एकेक बिंदू त्याने डाव्या हाताच्या एका बोटाने, आकडा शोधून शोधून लिहिला. यंत्राने ते सगळे जोडले आणि क्षणात गुळगुळीत रेघ काढून दाखवली.

"ही माझी बायको नाही, हा रांजण आहे."

"रांजण कोणाला म्हणताय?" खिडकीतून आवाज आला.

"आकड्यांना."

भाचीने तोड काढली. प्रत्येक बिंदू जरासा हलू द्यायचा. कुठे आणि किती, ते यंत्र स्वतःच फासे टाकून ठरवेल. एकटाकीने हलण्याचा आकडा थोडा वाढवला. आणि चमत्कार बघा, त्याचा हात थोडा थांबला. आणखी वाढवला, हात आणखी थांबला. जणू अंगातली थरथर तो चमच्याचमच्याने यंत्राला पाजत होता. दुपारपर्यंत त्याने काठोकाठ भरलेला कप उचलला आणि बशीत थेंब सांडला नाही.

तेवढ्यात पडद्यावर ती पाठ आली. खांद्यापाशी रेघ जराशी दबली होती, मानेपाशी ताठली होती. बाई रुसली आहे आणि मनवायला कोणी येतं का याकडे तिचा कान आहे, हे नुसत्या पाठीवरून कळत होतं.

आता एकटाकीची एक जुनी सवय. चित्र झालं की तो ते भिंतीकडे तोंड करून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशीच बघायचा. तसं त्याने हळूच लॅपटॉपचं झाकण मिटलं. दारात चपला घालता घालता भाचीने विचारलं, "मामा, ठेवलंत ना नीट?"

"चित्र झालंय," तो म्हणाला. पोरीने त्याला शिकवावं, हे त्याला रुचत नव्हतं. तिला ते 'हो' वाटलं.

दुसऱ्या दिवशी दालनात टेबलाभोवती बाई, शिष्या आणि भाची उभ्या. त्याने कळ दाबली. पाठ आली, पण कुणा परक्या बाईची. पुन्हा दाबली. या वेळी धान्याचं पोतं आलं.

"कालचं कुठंय?"

भाचीचा चेहरा उतरला. "मामा, फासे दर वेळी नवे पडतात. कालचं साठवलं नसेल तर ते गेलं."

"गेलं म्हणजे कुठे गेलं?"

बाईंनी घड्याळ बघितलं.

आणि खरी गंमत इथेच आहे. एकटाकी मुळीच डगमगला नाही. त्याने शांतपणे तिसऱ्यांदा कळ दाबली आणि फासे पडले ते थेट कालच्यासारखे. तोच खांदा, तीच मान. बाईंचा चष्मा नाकावरून घसरला, रस्त्यावरची माणसं आत शिरली, आणि बाई हात जोडून म्हणाल्या, "सर, भिंत काय, छतसुद्धा तुमचंच..."

"खोटं आहे हे," चहा पिणाऱ्यांतल्या मागच्या खुर्चीतून आवाज आला. ती शिष्या होती. तिने कप खाली ठेवला. "तिसऱ्यांदा त्यांनी कळ दाबलीच नाही. हात इतका हलत होता की बोट कळीवर टेकेना. भाचीने झाकण मिटलं. आणि मी तिथेच, त्यांच्यासमोर, माझ्या चित्रांसाठी भिंतीचं माप घेतलं."