उपडं पडलेलं ताट

मी एक जुनं, खणांचं स्टीलचं ताट आहे. खरं सांगायचं तर मित्रांनो, परवापर्यंत माझा नुसता जळफळाट होत होता.

अमृताच्या बारशाला तिच्या आत्यानं मला कल्याणहून आणलं. काठावर ठिपक्याठिपक्यांनी तिचं नाव कोरून घेतलं. वर्तकनगरच्या त्या घरात मी तिच्याशिवाय कुणापुढेही गेलो नाही. अमृता मागायला भारी लाजाळू. भात संपला की माझ्याकडे बघत बसायची. मग तिची आई, मायाबाई, न विचारता वाढायची. माझी ऐट काय वर्णावी!

पुढे अमृता नर्स झाली. जपानमध्ये नोकरी ठरली आणि सरावासाठी घरात एक काळा ट्रे आला.

"आई, तेइशोकु म्हणजे आपली राइस प्लेटच गं. भात डावीकडे, सूप उजवीकडे."

मला मांडणीवर उपडं घातलं. इवल्याशा वाट्या मिरवणारा तो उपरा माझ्या जागी बसला! पहिल्याच दिवशी अमृतानं सवयीनं सगळं सूप भातावर ओतलं आणि ट्रेभर ओघळ गेले. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

पण मायाबाईला वेगळीच काळजी होती. "तिकडे कोण बघणारे तुझी वाटी रिकामी झाली ते? आता मागितल्याशिवाय मी वाढणार नाही."

अमृता रोज अर्धपोटी उठू लागली. 'माझ्यात जेवताना कधी अशी उठली होती का?' मी मनात म्हणायचो. शेवटी एका दुपारी तिनं हात वर केला. "सुमिमासेन! गोहान ओकावारी, ओनेगाइशिमासु!" म्हणजे, अजून भात द्या. मायाबाईनं घाईघाईनं भात वाढला, तो जरा जास्तच पडला.

अमृता गेली. परवा व्हिडिओ कॉलवर ती तिकडच्या हॉटेलात दिसली. पुढ्यात तसलाच काळा ट्रे! माझं अंग पुन्हा तापलं.

"आई, मी मागितला भात! लगेच दिला!"

"शाब्बास! पोटभर जेव गं."

फोन ठेवून मायाबाईनं मला सुलटं केलं, पुसलं आणि स्वतःला वाढून घेतलं. पहिला भात संपला. ती जरा वेळ माझ्याकडे बघत बसली. मग हळूच म्हणाली, "ओकावारी," आणि स्वतःच उठली.

माझा सगळा मत्सर तिथंच गळाला. मित्रांनो, नवी ताटं खुशाल आणा. पण जी आजवर तुम्हाला वाढत आली, तिला एकदा तरी विचारा, 'आई, अजून भात वाढू?'